बॅटरी फुगली होती, बिल त्याहून फुगलं

लॅपटॉपचा टचपॅड दाबला जाईनासा झाला की दरवेळी तो बिघडलेलाच असतो असं नाही. अनेकदा खालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलत असते. एवढं जरी लक्षात ठेवलंत, तरी पुण्यातल्या एका दुकानदाराने माझ्याकडून जसे पैसे उकळले तसे तुमच्याकडून उकळता यायचे नाहीत.

मी करसल्लागार आहे. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमची लगीनघाई, ३१ तारखेच्या आत लोकांचे रिटर्न जायला हवेत. नेमका तेव्हाच लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, खालच्या झाकणाला एका बाजूने फट पडली आणि टचपॅडचं क्लिक बंद. चार्जर काढला, मशीन बंद केलं. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणाला, "ताई, टाचणीने हवा काढून देतो, दोनशे रुपये द्या." तिथून मी काढता पाय घेतला. ती हवा नसतेच. बॅटरी कायम पूर्ण चार्ज आणि गरम राहिली की आतलं रसायन विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू तयार होतात आणि बंद पाकिटात कोंडतात. टाचणीने आतले पदर एकमेकांना टेकले तर सरळ जाळ होतो.

मग चांगल्या, काचेच्या दाराच्या दुकानात गेले. पोऱ्याने मागचं झाकण उघडलं आणि टम्म फुगलेली बॅटरी माझ्यासमोर धरली. त्या दृश्याने गिऱ्हाईक अर्धं गार होतं, हे त्या मालकाला पक्कं ठाऊक असावं. "मॅडम, वेळेत आलात. हिने टचपॅड मारलाय आणि चार्जिंग आयसीपण शॉर्ट केलाय." बॅटरी ‘ओरिजिनल’ ३,२००, टचपॅड १,८००, आयसी, म्हणजे बोर्डावरची चार्जिंग सांभाळणारी चिप, २,५००. मी पक्कं बिल मागितल्यावर त्याचा चेहरा पडला, पण १८ टक्के जीएसटी लावून ८,८५० रुपयांचं बिल दिलं. जुनी बॅटरी मागितली तर "आम्ही कंपनीला परत पाठवतो" म्हणाला.

दिवाळी यायच्या आत लॅपटॉप चाळीस टक्के चार्ज दाखवत असतानाच पटकन मान टाकायला लागला. विंडोजमध्ये बॅटरीचा इतिहास निघतो, हे माझ्या मामेभावाने दाखवलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत सलग टाइप करायचं, एक फाइल तयार होते. माझ्या ‘नव्या’ बॅटरीचा सायकल काउंट, म्हणजे ती किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली गेली तो आकडा, होता ४१२. म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच ती कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये भरपूर राबून आली होती. मूळ क्षमतेच्या जेमतेम साठ टक्के चार्ज ती धरत होती.

मग भावाने झाकण उघडलं. बॅटरीवरच्या चकचकीत स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर, पिवळट, चार वर्षांपूर्वीच्या तारखेचं. वरच्या स्टिकरवर भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, छापलेला होता. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, तर भलत्याच उत्पादकाच्या भलत्याच वस्तूचा निघाला.

टचपॅडची गंमत तर वेगळीच. माझ्या भाचीने मागे त्याच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा थेंब सांडला होता. ‘नव्या’ टचपॅडवर तो लाल ठिपका जिथल्या तिथे! बॅटरी काढताच क्लिक आपोआप सुरू झालं असणार, आणि त्याचेच १,८०० घेतले. भावाने भिंग लावून बोर्ड पाहिला, आयसी बदलताना करावं लागतं तसं नवं सोल्डरिंग कुठेही दिसलं नाही. मुळात बॅटरी फुगली की टचपॅडवर, झाकणावर दाब येतो. तेवढ्याने आयसी जळत नाही.

दुकानात गेले तेव्हा मालक आधी गोड बोलला, मग "तुम्हीच बॅटरी बदलून आणलीत कशावरून?" या वळणावर आला. त्याची चलाखी बिलात होती. बॅटरीचा सिरीयल नंबर कुठेच नव्हता, नुसतं ‘बॅटरी १ नग’. पण पहिल्या दिवशी मी झाकण उघडं असताना फोटो काढून ठेवले होते, आणि रिपोर्टमध्ये क्षमतेची नोंद तारखेवार असते. जुनी बॅटरी कधी गेली आणि ही कधी आली, ते त्यातून कळतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिल, फोटो आणि रिपोर्ट जोडून तक्रार केली. दुकानदाराने बॅटरीचे पैसे करासकट परत केले. टचपॅड आणि आयसीबद्दल मात्र "ती लेबर होती" असं लिहून कळवलं. बिलात ‘टचपॅड’ असा शब्द छापलेला असताना!

नवी बॅटरी मी कंपनीच्या अधिकृत केंद्रातून बसवली, या ‘ओरिजिनल’पेक्षा थोडीच महाग पडली. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला आणि बसवल्याबरोबर तिथेच रिपोर्ट काढून सायकल काउंट पाहिला. काढलेली बॅटरी त्यांच्याकडेच जमा केली, कारण अशी बॅटरी घंटागाडीत किंवा भंगारवाल्याला देणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी आग पाठवणं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. उरलेल्या रकमेसाठीचा अर्ज मी लिहायला घेतला आहे.