टोकन की क्लायंट सर्टिफिकेट? सर्व्हरलेस फंक्शनपुरतं बोलू

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्यासाठी सौद्यांचे आकडे बँकेच्या एपीआयला (प्रोग्रॅमने माहिती द्यायच्या-घ्यायच्या दाराला) पाठवणारं छोटं लॅम्डा फंक्शन लिहीत होतो. लॅम्डा ही ॲमेझॉनची सर्व्हरलेस सेवा: सर्व्हर आपण सांभाळायचा नाही, हाक आली की कोड चालतो. ओळख पटवायला दोन वाटा होत्या.

टोकन म्हणजे गुप्त अक्षरांची माळ, वापरायला सोपं. विनंतीच्या हेडरमध्ये घातलं की झालं. पण ते रस्त्यात पडलेल्या नोटेसारखं, सापडेल त्याचं. लॉगमध्ये (फंक्शनच्या नोंदवहीत) चुकून छापलं गेलं तर कुणीही वापरावं.

क्लायंट सर्टिफिकेटचं, म्हणजे हाक मारणाऱ्याच्या डिजिटल ओळखपत्राचं, तसं नाही. टीएलएस ही सुरक्षित जोडणी जुळताना फंक्शन त्याच्या जोडीच्या खाजगी किल्लीने सही करतं, किल्ली स्वतः तारेवरून जातच नाही. चोरायची तर थेट फंक्शनच्या घरात शिरावं लागतं. मात्र मेहनत वाढते. लॅम्डाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सना (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जना) एकूण ४ केबीची मर्यादा. आरएसए प्रकारची खाजगी किल्ली, सर्टिफिकेट आणि ते देणाऱ्यांच्या सर्टिफिकेटांची वरची साखळी त्यात सहज मावत नाही. म्हणून सगळं ॲमेझॉनच्याच सीक्रेट्स मॅनेजर या गुप्त तिजोरीत ठेवायचं आणि हँडलरच्या, म्हणजे प्रत्येक हाकेला चालणाऱ्या कोडच्या, बाहेर एकदाच वाचायचं. कनेक्शनही तिथेच बांधून ठेवा, नाहीतर प्रत्येक हाकेला टीएलएसचं हस्तांदोलन (जोडणी जुळवणं) नव्याने.

क्लाउडफ्लेअर वर्कर्स या दुसऱ्या सर्व्हरलेस सेवेत सर्टिफिकेट अपलोड करून बाइंडिंग (कोडला सर्टिफिकेट वापरू देणारा दुवा) जोडलं की त्याच बाइंडिंगच्या फेच या आज्ञेने विनंती जाते. कोडला किल्ली दिसतही नाही, हे मला फार आवडलं. पण समोरची सेवा क्लाउडफ्लेअरच्याच प्रॉक्सीमागे (मध्यस्थ सर्व्हरमागे) असेल तर ५२० एरर येते.

सर्टिफिकेटची मुदत संपायची तारीख मात्र कॅलेंडरात आधीच टाका. रात्री फंक्शन गप्प झालं की पहिला संशय तिच्यावर.

पैशांचा व्यवहार असल्याने मी सर्टिफिकेट घेतलं. नुसते हळदीचे रोजचे भाव आणायचे असते तर टोकनवरच भागवलं असतं.