पाहुण्यांची बाथरूम, गोठलेला पाइप आणि 12 फुटी हीट केबल

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसला राहतो. आमची पाहुण्यांची बाथरूम गॅरेजच्या वर आहे आणि ती वापरात येते ती उन्हाळ्यात, आई-बाबा नाशिकहून आले की. बाकी सगळा हिवाळा गॅरेजच्या छताला टांगलेल्या तिच्या अर्धा इंची तांब्याच्या पाइपात पाणी नुसतं उभं. मी त्याला फोम गुंडाळला होता आणि निर्धास्त होते.

गेल्या जानेवारीत रात्री उणे 27 झालं आणि पाइप फुटला. गंमत म्हणजे गॅरेजमध्ये नाही, वर नळाजवळच्या उबदार भिंतीत! प्लंबर म्हणाला, असंच होतं. गार भागात बर्फाचं बूच बसतं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, मग बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जिथे कच्चं तिथे पाइप फाटतो. धार लागते ती बर्फ वितळल्यावर. आमच्याकडे लागली तेव्हा मी ऑफिसात होते.

फोमचं म्हणाल तर ती गोधडी आहे. गोधडीत माणूस झोपला तर ऊब राहते, धोंडा गुंडाळून ठेवला तर सकाळी धोंडा गारच. माझ्या 10 फूट पाइपात पाणी मावतं जेमतेम अर्धा लिटर, त्यात ऊब ती किती असणार! वाहतं पाणी मागून नवी ऊब आणतं, उभ्या पाण्याला ती सोय नाही. कॉक बंद करून पाणी काढून टाकायचं म्हटलं तर आमच्या पाइपला उतार नाही.

म्हणून ही सेल्फ-रेग्युलेटिंग हीट केबल घेतली, म्हणजे पाइपला लावायची, स्वतःच कमी-जास्त तापणारी विजेची केबल. दोन तारांच्या मध्ये कार्बन मिसळलेलं प्लास्टिक असतं. गारठा वाढला की त्यातून वीज जास्त जाते, ऊब आली की कमी. त्यामुळे गॅरेजच्या दाराशी ती जास्त तापते, घराच्या भिंतीशी कमी. साधी स्वस्तातली केबल सगळीकडे सारखीच तापते, आणि स्वतःवरच आडवी पडली तर जळू शकते. लाकडी घरात ती नकोच.

बसवायला दीड तास लागला. पाइपच्या पोटाखालून सरळ ओढली, फुटाफुटावर फायबरग्लासची टेप आणि वरून परत फोम. जास्तीत जास्त 60 वॅट घेते, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. यंदा दोनदा उणे 29 झालं. दोन्ही सकाळी धावत वर जाऊन नळ सोडला, पाणी आलं.

रेटिंगमधला एक तारा कापलाय, कारण प्लगची वायर अवघी दोन फूट आणि एक्स्टेंशन लावायचं नाही अशी ताकीद. जवळ जीएफसीआय सॉकेट (शॉक बसू नये म्हणून वीज आपोआप तोडणारं) नव्हतं, इलेक्ट्रिशियनने केबलपेक्षा जास्त पैसे घेतले. थर्मोस्टॅटही नाही, म्हणजे ती आपोआप पूर्ण बंद होत नाही, एप्रिलमध्ये आठवणीने प्लग काढावा लागतो. आणि चालू असल्याचा दिवा आहे प्लगवर, प्लग फ्रीझरच्या मागे. रोज रात्री झोपण्याआधी मी मोबाइलचा टॉर्च लावून तिथे वाकून बघते.