पिप की कॉन्डा: इम्पोर्ट एरर आल्यावर कुठला रस्ता धरावा

परवा एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडाच हातात धरून आली. हवामान खात्याची पावसाची आकडेवारी, पाव अंशाच्या चौकोनांत मांडलेली, तिला नेटसीडीएफ या वैज्ञानिक आकडेवारीच्या फाइलमधून, एक्सअ‍ॅरे ही लायब्ररी वापरून, पायथन या भाषेत वाचायची होती. टर्मिनलवर ओळ होती, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. शेजारच्या नोटबुकात (कोड लिहून तिथेच चालवायचं पान) लाल अक्षरांत दुसरी, ‘नो मॉड्यूल नेम्ड एक्सअ‍ॅरे’. “मॅडम, इन्स्टॉल तर झालंय, मग सापडत का नाही? सगळे म्हणतात पिप सोड आणि कॉन्डा घे. घेऊ का?”

पिप आणि कॉन्डा ही पायथनच्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, बसवायची दोन साधनं. तिला म्हटलं, आधी एररची शेवटची ओळ नीट वाचू, मग ठरवू. कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष पिपचाही नसतो आणि कॉन्डाचाही. तेव्हा साधन बदललं तर तोच घोळ नव्या घरी जातो, एवढंच.

तिच्या बाबतीत तसंच निघालं. लॅपटॉपवर तीन पायथन होते. पिपने एक्सअ‍ॅरे एका पायथनमध्ये टाकलं होतं आणि नोटबुक दुसऱ्याच पायथनवर चालत होतं. हे तपासायला एक मिनिट लागतं. नोटबुकात ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापायचं, टर्मिनलवरच्या पायथनलाही तेच विचारायचं. दोन पत्ते वेगळे आले की रोग सापडला. टर्मिनलवर नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहायची सवय लावली, तर ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात सामान उतरतं. नोटबुकात पिपच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावलं की तेच काम होतं.

नावांचा घोळही असाच. इम्पोर्ट करताना ‘एसकेलर्न’, पण इन्स्टॉल करताना ‘सायकिट-लर्न’. इम्पोर्ट ‘सीव्ही२’, पिपने मागवायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’. इम्पोर्ट ‘पीआयएल’, पॅकेज ‘पिलो’. आणखी एक चूक फार जणांची होते. सरावाच्या फाइललाच ‘नमपाय डॉट पीवाय’ असं नाव दिलं, तर पायथन खरं नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) शोधायच्या आधी तीच फाइल उचलतो आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ अशी तक्रार करतो. फाइलचं नाव बदला, काम झालं. एवढं तपासूनही अडचण राहिली, तरच पिप की कॉन्डा या प्रश्नाला अर्थ आहे.

दोघांतला खरा फरक लायब्ररीच्या पोटात आहे. नमपाय, सायपाय वरून पायथनचे दिसतात, पण जड हिशेब करणारा भाग सी आणि फोर्ट्रानमधून कम्पाइल झालेला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवलेला, असतो. पिप जे ‘व्हील’, म्हणजे तयार बांधलेलं पॅकेज, उतरवतो ते शिदोरी बांधून आलेल्या पाहुण्यासारखं असतं, लागेल ते सोबत घेऊन येतं. नमपायच्या व्हीलमध्ये ओपनब्लास हे गणिताचं इंजिन आतच असतं. पाहुणा एक असला तर हे छानच. पण नकाशांच्या कामात रास्टेरिओच्या व्हीलमध्ये जीडॅल (नकाशांच्या फाइली वाचणारी मूळ लायब्ररी) वेगळं, दुसऱ्या लायब्ररीच्या व्हीलमध्ये वेगळं, आणि खुद्द जीडॅल पिपने मागवावं तर तयार व्हील नाही, नुसता सोर्स मिळतो. मग मशीनवर त्याच व्हर्जनचं जीडॅल आणि कम्पायलर आधीपासून हवा. विंडोजवर इथे बहुतेकांची संध्याकाळ जाते.

कॉन्डा सगळ्यांसाठी एकच स्वयंपाकघर मांडतो. पायथन, जीडॅल, एचडीएफ५, नेटसीडीएफ, ब्लास, सगळं त्याच्याच भांडारातून येतं आणि एकमेकांशी जुळेल अशा व्हर्जनमध्ये येतं. २०१२ साली कॉन्डा आला तो याच गरजेपोटी, कारण वैज्ञानिक लायब्ऱ्यांची पायथनबाहेरची अवलंबित्वं तेव्हा पिपला सांभाळता येत नव्हती. पुढे व्हील आली, लिनक्सच्या व्हीलसाठी ‘मेनीलिनक्स’ हा समान साचा ठरला, आणि नमपाय, पांडाज, सायकिट-लर्न, मॅटप्लॉटलिब यांच्यापुरता पिप आज पूर्ण भरवशाचा आहे. जुने सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवा. “विज्ञानासाठी कॉन्डाच” हे वाक्य दहा वर्षांपूर्वी जितकं खरं होतं तितकं आज नाही.

दोघांची परीक्षा सगळ्यात चांगली पाहायला मिळाली ती जून २०२४ मध्ये, नमपाय २.० आलं तेव्हा. १.० आलं होतं २००६ साली, म्हणजे १८ वर्षांनी मोठा आकडा बदलला आणि आतली बायनरी रचनाही बदलली. नमपाय १ वर कम्पाइल झालेल्या लायब्ऱ्या नमपाय २ सोबत चालेनात. ‘नमपाय डॉट डीटाइप साइझ चेंज्ड, एक्स्पेक्टेड ९६, गॉट ८८’ ही ओळ तेव्हा जागोजागी दिसायची. कारण साधं होतं. अनेक जुन्या पॅकेजांनी ‘नमपाय अमुक व्हर्जनच्या पुढचं कुठलंही चालेल’ एवढंच लिहून ठेवलं होतं, वरची मर्यादा घातलीच नव्हती. पिपने लिहिल्याप्रमाणे २.० आणून ठेवलं. पिपच्या भांडारात एकदा चढवलेल्या पॅकेजवरची ही माहिती मागाहून बदलता येत नाही. कॉन्डा-फोर्ज या कॉन्डाच्या भांडारात नमपाय १ वर कम्पाइल झालेल्या पॅकेजांना २ च्या खालीच राहायची अट आपोआप लागलेली असते, आणि कुठे चूक राहिली तर भांडाराच्या यादीत दुरुस्तीही करता येते. माझं कॉन्डाबद्दलचं मत या एका गोष्टीमुळे बरंच पक्कं झालं.

पिप वापरत असाल आणि आजही ही ओळ दिसली तर घाबरू नका. दोन उपाय आहेत. अडणारी लायब्ररी नव्या व्हर्जनला न्या, हे पहिलं. ते शक्य नसेल तर नमपाय २ च्या खाली, म्हणजे १.२६ वर आणा.

कॉन्डाची किंमतही आहे. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका कामापुरता पायथन आणि लायब्ऱ्यांचा वेगळा कप्पा, सहज एखाद-दोन जीबी खातं. हॉस्टेलच्या वायफायवर ते उतरवणं म्हणजे जेवून येईपर्यंतचं काम. ‘सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट’वर तासभर अडकायची जुनी तक्रार मात्र २०२३ पासून, लिबमाम्बा हा सॉल्व्हर (व्हर्जनांचा मेळ घालणारा भाग) आपोआप वापरला जाऊ लागल्यावर, बरीच मिटली. दुसरी गोष्ट लायसन्सची. २०२० पासून अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या मूळ चॅनेलचा, म्हणजे भांडाराचा, व्यापारी वापर २०० हून जास्त माणसांच्या संस्थांना फुकट नाही. म्हणून मी सरळ मिनिफोर्ज हा कॉन्डाचा छोटा इन्स्टॉलर घ्यायला सांगते. तो पहिल्यापासून कॉन्डा-फोर्जवरूनच सामान आणतो आणि ते भांडार स्वयंसेवकांचा समाज चालवतो.

उलट पिप आणि व्हेन्व (पिपसाठी एन्व्हायर्नमेंट बनवणारं साधन) ही जोडी सहसा पायथनसोबतच येते, बहुधा वेगळं काही बसवावं लागत नाही, फोल्डर हलकं राहतं. अट एकच, पायथन तुमचा तुम्ही आणायचा. पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं आणि पहिले काही आठवडे सगळ्या लायब्ऱ्यांची व्हील तयार नसतात. मग पिप सोर्समधून बांधायला बसतो आणि ‘फेल्ड बिल्डिंग व्हील’वर थांबतो. एक व्हर्जन मागे राहिलात तर हा त्रास होत नाही. उबुंटू किंवा डेबियनच्या नव्या आवृत्त्यांवर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून पिप नकार देतो, तेव्हा तो नकार मोडायचा पर्याय वापरू नका. व्हेन्व बनवा. सिस्टिमच्या पायथनवर सिस्टिमची स्वतःची कामं चालतात.

यूव्ही हे २०२४ मधलं नवं साधन पिपच्याच भांडारातून आणतं, पण फारच वेगाने, आणि हवा तो पायथनही आणून देतं. पिपच्या बाजूला असाल तर जरूर घ्या. जीडॅलचा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ असं आलं तर गोष्ट निराळी असते. लायब्ररी जागेवर आहे, तुम्ही मागताय ती वस्तू तिच्यात उरलेली नाही. सायकिट-लर्नचं ‘क्रॉस-व्हॅलिडेशन’ मॉड्यूल ०.२० मध्ये गेलं. कोड तुमचा असेल तर तो बदला. दुसऱ्याच्या प्रबंधातला जुना कोड जसाच्या तसा चालवून निकाल पडताळायचा असेल, तर जुना पायथन आणि जुन्या लायब्ऱ्या एका वेगळ्या कॉन्डा एन्व्हायर्नमेंटमध्ये मांडणं सगळ्यात सोपं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दोन्ही एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये उलटसुलट वापरू नका. कॉन्डात नसलेलं एखादं पॅकेज पिपने घालावं लागलं तर ते सगळ्यात शेवटी घाला, आणि त्यानंतर कॉन्डाने काही नवं बसवू नका. पिपने खालून बदललेलं नमपाय कॉन्डाला नीट कळत नाही. मग जे एरर येतात ते वाचून काहीच उलगडत नाही. अशा वेळी दुरुस्तीचा नाद सोडा. एन्व्हायर्नमेंट पुसून नवं करायला वीस मिनिटं पुरतात, दुरुस्तीत मी स्वतः दोन-दोन दिवस घालवले आहेत.

तर माझा कौल असा. आकडेमोड, तक्ते, आलेख, मशीन लर्निंगची ओळख यासाठी पिप आणि व्हेन्व. नकाशे, उपग्रहचित्रं, हवामान, किंवा फोर्ट्रानच्या जुन्या कोडशी बांधलेलं काही असेल तर मिनिफोर्ज. उद्या सकाळी दहाला सादरीकरण आहे आणि आत्ता रात्री एररच जात नाही, तर आजच्यापुरतं कोलॅब (गूगलचं ब्राउझरमधलं नोटबुक) उघडा, तिथे नेहमीच्या लायब्ऱ्या बसवलेल्याच असतात.

त्या मुलीला फक्त फाइल वाचायची असती तर तिचा पिप पुरेसा होता. पण पुढच्या सत्रात तिला त्याच पावसावर नदीखोऱ्यांच्या सीमा बसवायच्या आहेत. म्हणून मिनिफोर्ज घेतला, एक्सअ‍ॅरे, नेटसीडीएफ४, रास्टेरिओ आणि जिओपांडाज एकाच आज्ञेत मागवले, म्हणजे सॉल्व्हरला सगळ्यांचा मेळ एकदम घालता येतो. तिने नोटबुकात पहिल्याच ओळीत ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापलं, पत्ता वाचला, आणि मग फाइल उघडली.