हायड्रोपोनिक्स किटसोबत जुनं बी आणि रंगीत पाणी विकतायत, सावध राहा

कोल्हापुरात गच्चीवर हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यात भाजी लावायची पद्धत) लावायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे वाचाच, कारण मला गंडवणारा माणूस अजून स्टॉल लावून तेच विकतोय. राजारामपुरीतल्या एका प्रदर्शनात किट घेतलं, पाईप, मोटर, नेटपॉट (रोपाच्या जाळीदार कुंड्या), बियांची पाकिटं, 'ए' आणि 'बी' नावाच्या न्यूट्रियंटच्या (पाण्यात घालायच्या खताच्या) बाटल्या, सगळं मिळून साडेनऊ हजार. पाईप आणि मोटर चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण बी काही उगवेना. फोन केला तर म्हणतो तुमचं पाणी जड आहे, ऊन पण लई आहे. आता लेट्यूसपुरतं हे खरं, 30 डिग्रीच्या वर त्याचं बी नीट उगवत नाही, पण टोमॅटोला 25 ते 30 मानवतं की, त्याचं काय? मग एकाच डब्यात ओल्या टिश्यूवर एका बाजूला त्याचं टोमॅटो आणि दुसऱ्या बाजूला घरातली मेथी ठेवली, पाणी तेच नळाचं. मेथीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड, टोमॅटोला आठवडा उलटला तरी काही नाही आणि मग बुरशी. पाकिटावर तारखेच्या जागी स्टिकर होता, कोपरा नखाने उचलला तर खाली चाचणीची तारीख चार वर्षांपूर्वीची! चाचणीपासून साधारण 9 महिने मुदत असते, आणि टोमॅटोच्या बियाची उगवण कमीत कमी 70 टक्के तरी लागते.

बाटल्यांचं तर विचारूच नका. खऱ्या 'ए' बाटलीत कॅल्शियम असतं, 'बी' बाटलीत फॉस्फेट आणि सल्फेट, म्हणून तर दोन वेगळ्या बाटल्या, घट्ट द्रावण एकत्र केलं की दुधासारखं पांढरं होतं. मी दोन्हीचा एकेक चमचा वाटीत एकत्र केला, स्वच्छ लाल पाणी, जराही गढूळ नाही. ते खत पाण्यात घालून टीडीएस मीटरने (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजणारं यंत्र) बघितलं तर आकडा पण नळाच्या पाण्यापेक्षा जेमतेम वाढला, लेट्यूसला सुद्धा 400 ते 600 पीपीएम लागतो. म्हणजे रोप जगलं असतं तरी उपाशीच मेलं असतं.

शेजारच्या काकूंनी पेन्शनच्या पैशातून हेच किट घेतलंय, त्या अजून म्हणतात माझाच हात वाईट, ते ऐकून फार राग येतो हो. हात कशाला वाईट, बी मेलेलं आहे.

बी विकायला परवाना लागतो, याच्या पावतीवर परवाना नंबरच नाही. कृषी खात्याच्या बियाणे निरीक्षकाकडे आणि ग्राहक हेल्पलाईन 1915 वर माझी तक्रार गेलीय. तुमच्याकडे असं स्टिकरवालं पाकिट असेल तर टाकू नका, स्टिकर सोलू पण नका, फोटो काढा, पावती जपा आणि तुम्ही पण तक्रार टाका, एकट्याच्या कागदाने हा माणूस थांबायचा नाही.