आईच्या जुन्या साड्या: गोधडी शिवायची, शिवून घ्यायची, की बोहारणीला द्यायच्या?

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या आईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर तिने पहिल्यांदा आईचं कपाट उघडलं. चौदा साड्या निघाल्या. मला फोन करून म्हणाली, "सगळ्यांच्या गोधड्या करू का? की कुणाकडून शिवून घेऊ? वहिनी म्हणते, बोहारणीला देऊन टाक, पसारा नको." मी म्हटलं, आज काहीच ठरवू नकोस. आधी प्रत्येक साडीचं कापड बघ.

हे मी अनुभवाने सांगते. गोधडीला जे कापड हवं असतं, त्याला बोहारीण फारशी किंमत देत नाही. आणि बोहारीण ज्या साडीवर टोप काढून द्यायला तयार होते, तीच साडी गोधडीत घातली तर गोधडी बिघडते. म्हणून कापड नीट ओळखलं की अर्ध्याहून जास्त साड्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. खरी घालमेल उरते ती दोन-तीन साड्यांपुरती.

कापड ओळखायची सोपी रीत आहे. साडीच्या टोकाचे चार-पाच धागे काढायचे, चिमट्यात धरायचे आणि सिंकवर काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरून जाते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. मिश्र कापड असेल तर राख होते, पण चुरताना बोटाला खडे लागतात. आभा आणि मऊपणा यांवर भरवसा ठेवू नका. हल्ली पॉलिस्टरही हाताला सुतासारखं लागतं.

सुती निघालेल्या साड्यांची दुसरी परीक्षा मला मावशीने शिकवली. मावशी कराडकडची, ती गोधडीला वाकळ म्हणते. तिने माझ्या हातातली साडी घेतली, खिडकीत उजेडासमोर ताणून धरली आणि हातभर हातभर पुढे सरकवत गेली. एके ठिकाणी उभे धागे जागेवर होते, पण आडवे इतके झिजले होते की पलीकडचं अंगण दिसत होतं. तिने दोन्ही अंगठे तिथे टेकवून हलकेच दाबले. कापड आवाजसुद्धा न करता उसवलं. "हे विरलंय गं. हे आतल्या थराला घाल. वर घालशील तर पहिल्याच धुण्याला ठिगळ लावायला बसशील." साडी सगळीकडे सारखी विरत नाही. बसण्याची जागा आणि फॉलजवळचा भाग आधी जातो. पदर आणि आत खोचलेलं टोक बहुतेक वेळा शाबूत असतं. वरच्या आणि खालच्या थराला हे शाबूत भाग घ्यायचे, विरलेले मधे. फॉल मात्र आठवणीने उसवून काढा. त्याचं कापड वेगळं असतं, धुतल्यावर ते वेगळं आटतं आणि शेजारी चुण्या पडतात.

आता हाताने शिवण्याबद्दल. मला स्वतःला हीच गोधडी सगळ्यात आवडते, तरी आधी हिशेब मांडते, कारण हौसेने सुरू केलेल्या आणि माळ्यावर अर्धवट पडलेल्या गोधड्या मी बऱ्याच घरांत पाहिल्यात.

साडी साधारण साडेपाच मीटर लांब, पन्हा ४५ इंच. तिचे २.१ मीटरचे दोन तुकडे कापून काठाला काठ जोडले की सुमारे सात फूट बाय सात फुटांचा एक थर होतो. चार थरांची गोधडी म्हणजे चार साड्या. प्रत्येक साडीतून सव्वा मीटरच्या आसपास कापड उरतं, त्याच्या भाजीच्या पिशव्या होतात. आता टाके मोजू. पेराएवढं, म्हणजे साधारण एक इंच अंतर ठेवून धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर सात फुटांच्या ८४ ओळी होतात. सगळ्या मिळून जवळपास १८० मीटर शिवण. एका दमात सुईवर चार-पाच टाके घेऊन मी तासाला सुमारे तीन मीटर शिवते. म्हणजे साठ तास. रोज एक तास बसलात तर दोन महिने. ओळींत दोन इंच अंतर ठेवलं तर काम निम्म्यावर येतं. गोधडी थोडी सैल दिसते, पण चांगली टिकते. पहिल्या गोधडीला मी दोन इंचच सुचवेन.

या साठ तासांतून मिळतं काय? एक तर ऊब. दोन ओळींच्या मधे कापड किंचित फुगतं, थरांमध्ये हवा अडकते, आणि तीच हवा अंगाची उष्णता धरून ठेवते. हाताचा टाका थरांना धरतो, पण दाबून सपाट करत नाही. म्हणून हातशिवणीची गोधडी अंगावर चढवल्यावर लगेच अंगासारखी वळते. दुसरं म्हणजे दुरुस्ती. हाताचा दोरा एके ठिकाणी तुटला तर तेवढाच भाग सुटतो आणि घरातलं कुणीही तिथे चार टाके घालू शकतं. पण दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा मजबूत दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो. ताण आला तर दोरा तुटला पाहिजे, कापड नाही.

माझी पहिली गोधडी फसली ती कापडाच्या निवडीने. निळी साडी फार सुंदर होती म्हणून मी ती वरच्या थराला घातली. ती पॉलिस्टरची होती, आतल्या तिन्ही सुती. तिसऱ्या धुण्यापर्यंत आतले थर आटले, वरचा तसाच राहिला, आणि सगळीकडे फुगे आले. शिवाय ती रात्री अंगावरून घसरायची आणि एप्रिलमध्ये घामाने चिकटायची. तीन महिन्यांची मेहनत मला उसवावी लागली. तेव्हापासून सगळ्या साड्या आधी धुवून, कडक उन्हात वाळवून घेते, आणि रंगाची शंका असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघते. रुमालाला रंग लागला तर ती साडी फिकट कापडाशेजारी जात नाही.

घरच्या शिलाई मशीनवर गोधडी होते, पण वाटते तितकी सोपी नाही. सात फुटांचं बोजड कापड मशीनच्या बाहीखालून गुंडाळून सरकवायचं असतं, आणि खालचा थर पुढे जाऊन वरचा मागे राहतो. आधी हातभर अंतरावर कच्चे टाके घातले नाहीत तर चुण्या ठरलेल्याच. टाका मोठ्यात मोठा ठेवा आणि १६ नंबरची सुई लावा. बारीक टाक्याने जुन्या कापडाला ओळीने भोकं पडतात, आणि पुढे ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. मशीनची गोधडी थोडी ताठ होते, ऊब जरा कमी, पण वॉशिंग मशीनच्या धुण्याला ती बरी टिकते. लहान मुलांच्या खोलीसाठी, वरचेवर धुवावी लागणार असेल तर, हीच घ्या.

शिवून घ्यायची असेल तर विचारून घ्यायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. ऑर्डरप्रमाणे गोधडी करून देणाऱ्या बायका आता शहरांतही भेटतात. त्यांचा हात बसलेला असतो, ओळी आपल्यापेक्षा सरळ येतात. दर ठरवताना आधी विचारा, हाताने की मशीनवर, आणि दोन ओळींत अंतर किती. या दोन उत्तरांवर किंमत दुपटीने बदलू शकते, आणि हाताच्या कामाचे साठ तास आठवले तर ती किंमत जास्त वाटणार नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: आत काय भरणार? मी एकदा सासूबाईंच्या पाच साड्या एके ठिकाणी दिल्या. गोधडी देखणी आली, पण हलकी वाटली. कोपरा उसवून पाहिला तर आत कृत्रिम धाग्याची तयार गादी भरलेली, साड्या फक्त वर आणि खाली. उरलेल्या तीन साड्या कुठे गेल्या, ते मला कधीच कळलं नाही. त्या साड्यांना सासूबाईंच्या हाताचा वास होता, म्हणून ते अजून लागतं. तेव्हापासून देताना प्रत्येक साडीच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा एक टाका घालते आणि कडा बंद करण्याआधी फोटो मागते. चांगलं काम करणारी बाई याला कधी नाही म्हणत नाही.

बोहारणीकडे वळण्याआधी एक सांगते. तिला देणं म्हणजे साडी टाकून देणं, असं मानू नका. ती कपडे निवडते, धुते, फाटलेलं शिवते, इस्त्री करते आणि बाजारात विकते. नवी साडी ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी ती साडी जाते. म्हणून तिला पॉलिस्टर, जॉर्जेट, शिफॉन आवडतात. ही कापडं वर्षानुवर्षं रंग धरतात, चुरगळत नाहीत, विरत नाहीत. विरलेल्या सुती साडीला मात्र ती नको म्हणून मान हलवते, आणि तिचं बरोबर आहे. घासाघीस करा, ती रीतच आहे, पण भोक घडीत लपवू नका. आईची साडी उद्या रस्त्यात कुणाच्या अंगावर दिसली तर काय वाटेल, हा प्रश्न मात्र स्वतःला आधी विचारा. काहींना ते सहन होत नाही. माझ्या एका आत्येबहिणीला उलट फार बरं वाटलं होतं.

संस्थेला द्यायचं असेल तर नेसण्याजोगंच द्या, धुवून, घडी करून, ब्लाउज-परकर सोबत लावून. सुती कापडाला तिथेही मोल आहे. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली गूंज ही संस्था स्वच्छ सुती कापडापासून पाळीसाठी पॅड करते. घरात गोधडीला हात लावणारं कुणीच नसेल तर सुती साड्यांसाठी मला हाच रस्ता पटतो.

जरीच्या रेशमी साड्यांना कात्री लावायची घाई करू नका. जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळलेली असते, म्हणून अशा साड्या विकत घेणारे व्यापारी दारावरसुद्धा येतात. पहिल्याने सांगितलेल्या भावाला देऊ नका, निदान दोन ठिकाणी दाखवा. गोधडीत जरीची साडी कधीच नको, ती टोचते आणि आतलं सूत कापते.

मैत्रिणीच्या चौदा साड्या आम्ही रविवारी पलंगावर पसरल्या. चार पॉलिस्टरच्या निघाल्या, त्या बोहारणीला. दोन जरीच्या रेशमी, त्या भावाशी बोलून ठरवणार. एक इरकल, तिचं सूत अजून घट्ट आहे, ती वहिनीला हवी होती आणि तिला दिली. पाच सुती साड्या मऊ होऊन विरायला लागलेल्या, गोधडीसाठी याहून चांगलं कापड मिळणार नाही. त्यांतल्या चार गोधडीला ठेवल्या. पाचवीचे ३६ इंचांचे सहा तुकडे केले. तीन थरांची दोन दुपटी होतील, एकेकाला इंचभर अंतराने साधारण चौदा तास. तिने आयुष्यात धावदोरा घातलेला नाही. आधी दुपटं शिवून बघेल. भाचीला नोव्हेंबरमध्ये बाळ होणार आहे, त्याच्या अंगाखाली घालायला होईल. दुपट्याने हात बसला तर गोधडी घरी, नाही बसला तर लाल टाके घालून बाहेर द्यायची. घरी शिवायची असं ठरलं आणि ऑगस्टमध्ये बसली, तर दोन इंचांच्या ओळींनी घट बसायच्या आत गोधडी होते. सगळ्या घराचं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं तेव्हा हिलाही पहिलं पाणी आणि ऊन दाखवता येईल.

उरल्या दोन सुती साड्या, एक मोरपंखी आणि एक हळदी रंगाची. दोन्ही उजेडासमोर धरल्या. एकाही ठिकाणी पलीकडचं दिसलं नाही. ती विचारत होती, या कशात घालू? मी म्हटलं, या तू नेस.