ट्रॉलीवरचं सोनोग्राफी मशीन की हातात मावणारा प्रोब?

डेमो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होतो. कंपनीचा माणूस येतो, वॉर्डातल्या एखाद्या सडपातळ पोराला टेबलावर झोपवतो, गळ्याला जेल लावतो, प्रोब (शरीरावर टेकवायचा भाग) टेकवतो आणि कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी, दाखवतो. रक्तवाहिनीची भिंत रेघ मारल्यासारखी स्वच्छ, आत लाल-निळा डॉपलर, म्हणजे रक्ताच्या वेगाचं चित्र. ट्रॉलीवरच्या मशीनवर हे दिसतं आणि मोबाइलला जोडायच्या प्रोबवरही दिसतं. मग २० खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांना वाटतं, इतक्या स्वस्तात हेच मिळत असेल तर ट्रॉली कशाला?

गळ्यात दोन-तीन सेंटीमीटरवर सगळीच मशीनं चांगली दिसतात. खरा फरक १६ सेंटीमीटरवर कळतो, जाड माणसाच्या यकृताच्या मागच्या भागात. अशी मशीनं उघडून दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सांगतो: निर्णय पडदा बघून करू नका, किती खोलवरचं दिसतं ते बघून करा.

सोनोग्राफीत प्रोब कानाला न ऐकू येणारा आवाज शरीरात सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून चित्र काढतो. शरीरातून जाताना हा आवाज दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल कमी होतो. ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला आणि १६ सेंटीमीटर खाली बघायचं म्हटलं, तर जाऊन-येऊन ३२ सेंटीमीटरचा प्रवास, म्हणजे ५६ डेसिबलची घट. ताकदीच्या हिशोबात उरतो चार लाखावा भाग. तोही सगळा प्रोबकडे परत येत नाही, कारण ऊती आवाजाचा अगदी थोडा अंश मागे फेकते. इतका क्षीण सिग्नल गोंगाटातून वर काढायचं काम पहिल्या अँप्लिफायरचं. तिथे जे हरवलं ते पुढचं कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, एआयचा शिक्का असला तरीही.

आता चॅनेलचा, म्हणजे आवाज सोडण्या-ऐकण्याच्या स्वतंत्र वाटांचा मुद्दा. चांगल्या ट्रॉली मशीनमध्ये १२८ किंवा जास्त चॅनेल असतात. प्रत्येक चॅनेलला स्वतःचा पल्सर (आवाजाचा ठोका सोडणारा), अँप्लिफायर, खोलीनुसार गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवणारं सर्किट आणि सिग्नलचे आकडे करणारा १२ ते १४ बिटांचा डिजिटायझर. या सगळ्यांचे सिग्नल योग्य तेवढा उशीर देऊन जुळवायचे आणि बेरीज करायची, हे बीमफॉर्मरचं काम. हातातल्या प्रोबमध्ये जागा आणि बॅटरी दोन्ही तुटपुंज्या, म्हणून कित्येकदा ६४ किंवा त्याहून कमी चॅनेलवर भागवतात. विक्रेते सांगतात की चॅनेल दुप्पट म्हणजे चित्र दुप्पट खोल. तसं नाही. ऐकण्याच्या बाजूला चॅनेल दुप्पट झाले तर गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल ३ डेसिबलने सुधारतो, आणि ३.५ मेगाहर्ट्झला एवढ्यात जेमतेम एक सेंटीमीटर खोली वाढते. खरा फायदा धारदारपणात आहे. एका वेळी प्रोबचा किती रुंद भाग ऐकतो, यावर खाली किती बारीक दिसेल ते ठरतं. १६ सेंटीमीटरवर दोन सेंटीमीटर रुंदीने ऐकलं तर शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे दिसायला साडेतीन मिलिमीटर अंतर लागतं. चार सेंटीमीटरने ऐकलं तर पावणेदोन. गाठ काठावर गुळगुळीत आहे की खडबडीत, हे त्या पावणेदोन मिलिमीटरमध्ये असतं.

उष्णतेचा विषय डेमोत निघत नाही, म्हणून मीच काढतो. कातडीला टेकणारं प्रोबचं तोंड ४३ अंशांच्या वर जाता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ट्रॉलीत तापणारं बरंचसं सर्किट पंखे लावलेल्या पेटीत बसतं. हातातल्या प्रोबमध्ये ते तुमच्या मुठीतच असतं. रंगीत डॉपलरला प्रत्येक रेषेवर ८ ते १६ वेळा पल्स सोडावी लागते, त्यामुळे प्रोब आणखी तापतो आणि मग स्वतःच ताकद कमी करतो किंवा थांबतो. मे महिन्यात विदर्भात ओपीडीला एसी नसेल तर उष्णता टाकायला बाहेरची हवाही थंड नसते. पाच मिनिटांचा स्कॅन असेल तर चालून जातं. सलग १५ गरोदर बायांची तपासणी त्यावर होईल याची खात्री नाही.

हृदयाची तपासणी करणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. १६ सेंटीमीटर खोलीवर प्रतिध्वनी परत येईपर्यंत पुढची पल्स सोडता येत नाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ४,८०० पल्स. २.५ मेगाहर्ट्झला साध्या पल्स्ड डॉपलरने तिथे सेकंदाला पाऊण मीटरपर्यंतचाच वेग नीट मोजता येतो. महाधमनीची झडप फार अरुंद झाली की रक्ताची धार सेकंदाला चार मीटरच्या पुढे जाते. त्यासाठी कंटिन्युअस वेव्ह डॉपलर लागतो: प्रोबचा एक भाग सतत आवाज सोडतो, दुसरा सतत ऐकतो. हृदयाच्या भिंतींच्या प्रचंड प्रतिध्वनीत रक्ताची कुजबुज ऐकायची असल्याने सर्किटही वेगळ्या तोलाचं लागतं. काही नव्या हँडहेल्डमध्ये ते आलं आहे, पण सगळ्यांमध्ये नाही. कोटेशनमध्ये लिहून घ्या.

हँडहेल्डची खरी ताकदही सांगायला हवी. २०१८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या बटरफ्लाय आयक्यूने पिझो क्रिस्टलऐवजी (विजेने थरथरून आवाज करणारा नेहमीचा स्फटिक) सिलिकॉन चिपवर सुमारे ९,००० सूक्ष्म पडदे बसवले आणि पोट, हृदय, वरवरच्या शिरा एकाच प्रोबने दाखवल्या. आयसीयूत फुप्फुसातलं पाणी, अपघाताच्या रुग्णाच्या पोटातलं रक्त, शीर शोधणं, भूल देताना नस दिसणं, हे सगळं उथळ किंवा ठळक आहे. ते रुग्णाच्या खाटेशी दोन मिनिटांत दिसणं जीव वाचवतं, आणि तिथे ट्रॉली ढकलत नेईपर्यंत वेळ जातो. मोबाइल आणि वार्षिक वर्गणीवर चालणारी मशीनं मात्र वर्गणी थांबल्यावर काय-काय करतात, ते विचारून ठेवा.

गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा दोन्ही मशीनना लागू आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये असा कायदा देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा १९९४ चा. २०१२ च्या नियमानुसार पोर्टेबल मशीन नोंदणी केलेल्या जागेतच, तिथे दाखल रुग्णांसाठी वापरायचं, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात. खिशात टाकून शेजारच्या गावी जाता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो.

जुनं रिफर्बिश्ड ट्रॉली मशीन घेत असाल तर पेपर क्लिप सरळ करून, जेल न लावता, प्रोबच्या तोंडावरून हलकेच सरकवा. पडद्यावर तिच्याबरोबर उजळ पट्टा सरकतो. तो जिथे विझतो तिथले एलिमेंट, म्हणजे आवाज सोडणारे-ऐकणारे बारीक तुकडे, मेलेले. प्रोब एकदा पडला तरी असं होतं आणि नवा प्रोब खिसा रिकामा करतो. खोलीचं अर्थिंगही आधी तपासून घ्या. खराब अर्थिंगचे पट्टे चित्रात येतात आणि दोष मशीनला लागतो.

प्रसूती, पोट आणि थोडंफार हृदय बघायचं असेल आणि पैसे एकाच मशीनपुरते असतील, तर मी ट्रॉलीच घेईन, कन्व्हेक्स (पोटासाठी वक्र तोंडाचा), लिनिअर (वरवरच्या भागासाठी सपाट तोंडाचा) आणि टीव्हीएस (योनीमार्गातून बघायचा) प्रोबसह. फक्त आयसीयू आणि भूलतज्ज्ञ असतील तर हँडहेल्ड. लॅपटॉपएवढं मशीन मधलं. चॅनेल पुरेसे असतील तर वाईट नाही.

डेमोसाठी मात्र रुग्ण तुम्हीच निवडा, वॉर्डातला सर्वांत जाड. कन्व्हेक्स प्रोबने यकृत घ्या, चित्र गुळगुळीत करणारं फिल्टर बंद करायला सांगा आणि गेन पूर्ण चढवा. वरचे ठिपके स्थिर राहतील, खाली एका खोलीपासून मुंग्यांसारखी वळवळ सुरू होईल. ती कोणत्या सेंटीमीटरला सुरू झाली ते दोन्ही मशीनवर लिहून ठेवा.