ऑफ-ग्रिड सोलरच्या नावाखाली आमचे ३,९४,५०० रुपये कसे गेले

ज्यांच्या घरापर्यंत विजेचा खांब पोहोचलेला नाही आणि जे संपूर्ण घर सोलर व बॅटरीवर चालवण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावे. आमचे ३,९४,५०० रुपये गेले आहेत. फसवणारा माणूस कोणी दूरवरचा अनोळखी नव्हता. तो घरी येऊन चहा घेऊन, छपराचे माप काढून गेला होता.

आमचे घर राजापूर तालुक्यात सड्यावर आहे. शेवटचा खांब घरापासून जवळपास एक किलोमीटरवर आहे आणि मधली जमीन सामाईक आहे. सातबारावर एवढी नावे आहेत आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबईला असल्यामुळे खांबांसाठी सर्वांच्या संमत्या मिळतील, ही आशा आम्ही सोडून दिली होती. त्यामुळे सोलर ही आमची हौस नव्हती, गरज होती. एक एचपीचा पंप, फ्रिज, मिक्सर, पंखे, दिवे आणि सासूबाईंचे नेब्युलायझर, एवढे दिवसाला सहा-सात युनिटांत भागावे, इतकीच आमची मागणी होती.

त्या विक्रेत्याने दिलेला प्रस्ताव असा होता: ५४० वॅटची सहा पॅनेल, ५ केव्हीएचा ‘एमपीपीटी’ (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा) इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे हिशोबाने १०.२४ युनिटांचा साठा. स्ट्रक्चर, वायरिंग आणि बसवणी धरून ३,८६,००० रुपये. शिवाय केंद्राच्या योजनेतून ७८,००० रुपये अनुदान परत मिळेल, असे त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिले. बुकिंगला ५०,००० यूपीआयने, माल आल्यावर २,५०,००० बँकेतून आणि यंत्रणा सुरू झाल्यावर ८६,००० रोख, असे पैसे आम्ही दिले. अनुदानाच्या ‘फाइलसाठी’ म्हणून त्याने आणखी ८,५०० रुपये नेले. बिलावर काय लिहिले होते? ‘सोलर सिस्टीम ३ किलोवॅट, १ नग.’ मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही, बॅटरीच्या क्षमतेचा उल्लेखही नाही. ज्या बिलावर प्रत्येक पॅनेलचा आणि बॅटरीचा अनुक्रमांक नाही, त्या बिलावर एक रुपयाही देऊ नका, कारण पुढे कोणत्याही कार्यालयात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

अनुदानाची थाप समजायला सोपी होती, हे आता कळते. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किलोवॅट किंवा त्यापुढे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, हे खरे आहे. पण ते वितरण कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या घरगुती छतांसाठी आहे. अर्जाला ग्राहक क्रमांक लागतो, पाहणी होते, घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर बसतो आणि मगच रक्कम थेट ग्राहकाच्या खात्यात येते. आमच्याकडे वीजजोडणीच नाही, मग ग्राहक क्रमांक कुठून येणार, असे मी त्याला विचारलेही होते. त्यावर तो म्हणाला, “काकू, वाडीतल्या जुन्या घराचं लाइट बिल द्या, फाइल तिकडून करतो, सगळेच करतात.” तिथे मी थांबायला हवे होते. पण तो आकडे अचूक सांगत होता, योजनेचे नाव खरे होते आणि त्याच्या दुकानावर त्याच योजनेचा फलक होता. सरकारी योजनेचा फलक लावून कोणी उघड खोटे बोलेल, असे गृहीत धरणे हा ग्राहकाचा दोष कसा ठरतो, ते मला कोणी सांगावे.

मात्र जो क्षण मला अजून झोपू देत नाही, तो बॅटरी आली तेव्हाचा आहे. जांभ्याच्या पायऱ्या चढून एका मुलाने ती पेटी एकट्याने खांद्यावरून आणली आणि ओटीवर अलगद ठेवली. दहा युनिटांची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण नव्वद ते शंभर किलोंची असते; ती एका माणसाच्या खांद्यावरून पायऱ्या चढत नाही. माझ्या यजमानांनी विचारलेसुद्धा, “एवढी हलकी कशी?” उत्तर तयार होते: “काका, लिथियम हलकीच असते, जुन्या शिशाच्या ट्यूब्युलर बॅटरीसारखी नाही.” यातले निम्मे खरे आहे, आणि त्या निम्म्या खरेपणानेच आम्ही गप्प बसलो. घरात शेतमाल मोजायचा वजनकाटा होता. पेटी त्यावर ठेवली असती, तर ४६ किलो दिसले असते आणि २,५०,००० रुपयांचा व्यवहार तिथेच थांबला असता. बॅटरी घेताना वजन करा. कंपनीच्या माहितीपत्रकातले वजन आणि काट्यावरचे वजन जुळले नाही, तर गाडीतून उतरवूनही घेऊ नका.

जानेवारी २०२५ मध्ये यंत्रणा सुरू झाली आणि मे संपेपर्यंत फसवणूक झाकलेली राहिली. दिवसा पंप आणि मिक्सर थेट उन्हावर चालत होते आणि थंडीत रात्री पंखे लागत नव्हते. एप्रिलमध्ये पंखे सुरू झाल्यावर मध्यरात्रीनंतर इन्व्हर्टर बंद पडू लागला, तोही पडद्यावर बॅटरी ७० टक्के भरलेली दिसत असताना. फोन केला की तो कधी ‘उष्णतेमुळे होतं’ म्हणे, तर कधी ‘सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल’. जूनमध्ये पावसाचे सलग ढगाळ दिवस आले आणि रात्री नऊलाच अंधार होऊ लागला. सासूबाईंचे नेब्युलायझर शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीवर लावावे लागले, तेव्हापासून त्याने फोन उचलणे बंद केले.

नात्यातल्या एका इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेल्या मुलाने बॅटरी पूर्ण भरून ५०० वॅटचा हॅलोजन सलग लावून ठेवला. खरी बॅटरी असती, तर तो सतरा-अठरा तास चालायला हवा होता. तो सहा तासही चालला नाही. पेटी उघडली, तर आत साधारण शंभर अँपिअर-अवरचे, वाहनातून काढलेले वाटणारे वापरलेले सेल होते आणि त्यांच्यावरचे क्यूआर कोड घासून काढले होते. त्यांतून जेमतेम ६० अँपिअर-अवर निघत होते. पडद्यावरच्या टक्क्यांचे रहस्यही तिथेच उलगडले: बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या तिच्या आतल्या सर्किटमध्ये, म्हणजे बीएमएसमध्ये, क्षमता हाताने भरलेली होती आणि त्याने तिथे २०० भरले होते. साठा पूर्ण संपला, तरी यंत्राच्या हिशोबाने दोनशेपैकी साठच खर्च झालेले, म्हणून ७० टक्के शिल्लक. मोबाइलवरच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. भार लावून तास मोजा, आणि ते शेवटचा हप्ता देण्याआधी मोजा.

इन्व्हर्टरही खोटाच निघाला. दोन-दोन पॅनेल मालिकेत जोडलेली असल्याने भर उन्हात, बॅटरी चार्ज होत असताना, पॅनेलच्या बाजूला ७५ ते ८० व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते. मल्टिमीटरवर दिसले ५३, म्हणजे बॅटरीएवढेच. एमपीपीटीचे स्टिकर लावलेला तो साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनेलचे व्होल्ट बॅटरीएवढे खाली ओढणारा, इन्व्हर्टर होता आणि त्यामुळे ३.२४ किलोवॅटच्या पॅनेलांतून दोन-सव्वादोन किलोवॅटच्या वर काही मिळणे शक्यच नव्हते. शे-पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत हे कळते.

यानंतर जे झाले, त्याचा राग पैशांच्या रागापेक्षा कमी नाही. पोलीस ठाण्यात सांगितले, “माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब आहे.” दुसऱ्यांदा गेलो, तर दुकान दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तिकडे जायला सांगितले. तिथल्या ठाण्याने घर राजापूरला आहे म्हणून परत पाठवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) दखलपात्र आहे, हे मी कागद घेऊन दाखवले. त्यावर मला “तुम्ही वकील आहात का?” असे विचारण्यात आले. वीज कार्यालयाने, जोडणीच नसल्यामुळे तुम्ही आमचे ग्राहक नाही, असे सांगितले. सौरऊर्जेशी संबंधित कार्यालयाने, हा विक्रेता आमच्या यादीत नाही म्हणून तक्रार घेता येत नाही, असे सांगितले. यादीत नसलेला माणूस सरकारी योजनेचा फलक लावून तालुक्या-तालुक्यांत फिरतो, तर त्याच्याविरुद्धची तक्रार नेमकी कोणी घ्यायची? वापरलेले सेल नवे म्हणून विकणे, चुकीची क्षमता लिहिणे, सरकारी अनुदानाचे खोटे आश्वासन देणे, यांतली एकही गोष्ट कोणाच्याच टेबलावर बसत नाही. ज्यांच्याकडे वीजच नाही, अशी माणसे ही यंत्रणा घेतात, आणि जोडणी नाही याच कारणाने त्यांची तक्रार बाहेरच्या बाहेर परत जाते.

पोलीस नोंद घेत नसतील, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच ती तरतूद आहे. आम्ही ती पाठवली आहे. त्याशिवाय ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. रोख दिलेल्या ८६,००० आणि ८,५०० रुपयांची पावती नाही, केवळ व्हॉट्सॲपवर त्याचे ‘मिळाले काका’ एवढे उत्तर आहे. तेवढ्या एका उत्तरावर ९४,५०० रुपये अडकले आहेत, म्हणून रोख मागणाऱ्याला सरळ नकार द्या.

नोटीस गेल्यापासून त्याचे फोन पुन्हा येऊ लागले आहेत. बॅटरी दुरुस्तीला नेतो, आठ दिवसांत बदलून देतो, तक्रार तेवढी मागे घ्या, असे तो आता गोड बोलून सांगतो. आम्ही बॅटरी दिलेली नाही आणि देणार नाही, कारण ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो आणि घासलेल्या कोडांचे ते सेल हाच आमच्याकडचा मोठा पुरावा आहे. तुमच्याकडेही अशी बॅटरी असेल, तर तिचे, आतल्या सेलचे आणि स्टिकरचे फोटो आजच काढून ठेवा आणि लेखी पोचपावती घेतल्याशिवाय ती घराबाहेर जाऊ देऊ नका.